कोट कुणासाठी?

३ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नका, सगळे सुखरूप आहेत. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं रचता, म्हणून लिहायला बसले. मागच्या खेपेला मी 'गुडघा' म्हटलं आणि तुम्ही 'कुणाचा मुडदा?' म्हणून ओरडलात, ते आठवून हे अजून हसतात.

काम असं आहे. मी एक कोट मागवलाय. पुरुषी, काळा, साधा. दुकानात नाही हो, घरबसल्या, फोनवर बोट फिरवून. पहिला आला तो एवढा की आत एक माणूस आणि त्याचा पाहुणा सहज मावेल. परत पाठवला. दुसरा आला त्याच्या बाह्या मारुतीच्या शेपटीसारख्या, संपतच नाहीत. मग तक्रार केली. तिथं माणूस नसतोच, उत्तरं आपोआप येतात. आधी आलं, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.' माझ्या मलाच अजून नीट समजल्या नव्हत्या! मी लिहिलं, 'बाह्या फार लांब आहेत.' त्यावर उत्तर काय यावं? 'आपल्याला बाह्या आवडल्या हे वाचून आनंद झाला.' आता सांगा, कपाळ कुठं आपटू?

तुमचं अख्खं आयुष्य कोटांच्या काउंटरवर गेलं. काय करावं ते तुम्हीच सांगा. पुढच्या महिन्याच्या अखेरीला कोट लागणार आहे.

बाकी ठीक. तुमचे दादा निवृत्त झाल्यापासून पेपर, खिडकी आणि मी, या तिघांवर लक्ष ठेवून असतात. तुमचा भाचा वसतिगृहात. शेवटचं वर्ष, अभ्यासाचं ओझं, त्यामुळं त्याचं पत्रबित्र येत नसेल तर रागावू नका.

तुमची,
वहिनी


८ जानेवारी

वहिनी,

'बाह्या आवडल्या हे वाचून आनंद झाला' हे मी शेजारणीला वाचून दाखवलं. ती हसली आणि मग म्हणाली, 'माझ्या मिक्सरच्या वेळी त्यांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या.'

वहिनी, तुम्ही आमच्या दुकानात एकदाच आलात, तेही नवी नवरी होतात तेव्हा, आणि दादा बाहेरच थांबला म्हणून घाईनं निघालात. म्हणून सांगते. चार मजल्यांचं दुकान. लिफ्टमध्ये एक म्हातारे गृहस्थ असत, ते मजला आला की त्या मजल्यावर काय मिळतं ते गाण्यासारखं सांगत. आमचा दुसरा. कोट, टोप्या, छत्र्या. प्रत्येक काउंटरपाशी एक खुर्ची. ती गिऱ्हाईकाची नव्हे, गिऱ्हाईकासोबत आलेल्या माणसाची. कारण कोट घेणारा कधी दमत नाही, दमते ती त्याची बायको. तिला आधी पाणी. पाणी पिऊन झालं की तीच म्हणायची, 'अहो, तो निळा बघा ना.' झाला कोट विकला!

खोक्याला सुतळी बांधताना वर एक छोटी मूठ वळायची, म्हणजे बोटं कापत नाहीत. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ज्याला येत नसे त्याला आम्ही बांधायला देत नसू.

एक गृहस्थ दरवर्षी थंडीत यायचे. राखाडी रंगाचा एकच कोट अंगावर चढवायचे, आरशात बघायचे, आभार मानून जायचे. कधी घेतला नाही. नवीन आलेल्या एका मुलीनं साहेबांकडे तक्रार केली. साहेब म्हणाले, 'बाई, आपण फक्त कोट ठेवत नाही, आरसाही ठेवतो.' झालं. पुढच्या वर्षी तिनंच त्यांना तो काढून दिला.

आणि साहेबांचा एक नियम होता. कशासाठी हवा, कधी हवा, हे विचारायचं. कुणासाठी, हे विचारायचं नाही. गिऱ्हाईक सांगेल तर ऐकायचं, नाही सांगितलं तर घडी घालून द्यायचं.

म्हणून विचारत नाही. दादाचाच असणार हे उघड आहे. कोट परत पाठवू नका, तिसराही तसाच येईल. छाती, खांदा, बाही, पाठीची उंची टेपनं मोजून मला कळवा. दादा मोजू देणार नाही, तो झोपला असताना मोजा! आमच्या अल्टरेशनचे मास्तर इथंच दोन गल्ल्या पलीकडे राहतात. डोळे थकलेत, हात नाहीत थकले.

वाट बघते.
बारकी


१३ जानेवारी

वन्सं,

पत्र वाचून तुमच्या दुकानात हिंडून आल्यासारखं वाटलं. पण खरं बोलू? तुम्ही घरी आलात की परातीत गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसायचात, पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, तेही मला आठवतंय. सोबतीच्या माणसाला खुर्ची होती. तुम्हाला होती का? जुनं ते सगळंच सोनं नव्हतं हो, त्यात तुमचे पायही होते.

तरी पण मशीनशी भांडण्यापेक्षा तुमचा मास्तर बरा. मापं देते. छाती चौतीस. खांदा साडेसोळा. बाही चोवीस. पाठीची उंची एकोणतीस. नीट मोजलेली आहेत. जास्त विचारू नका.

यांना सध्या माझ्या दातांची फार काळजी लागून राहिली आहे. मी दर आठवड्याला दाताच्या डॉक्टरकडे जाते ना. परवा म्हणाले, 'एकूण दात किती आहेत तुझ्या तोंडात?'

तुमची,
वहिनी


१७ जानेवारी

दादा,

हे पत्र वहिनींना दाखवू नकोस. त्या बिचाऱ्या माझ्यापासून लपवतायत आणि त्यांना वाटतंय मला कळणार नाही.

तुला काय झालंय? तुझी छाती बेचाळीसची होती. निवृत्तीच्या समारंभाला मीच तुझ्या कोटाची बटणं सरकवून दिली होती, आणि तेव्हाही तू पोट आत घेऊन उभा होतास. वहिनींनी कोटासाठी मापं पाठवलीत : छाती चौतीस, खांदा साडेसोळा, बाही चोवीस, पाठ एकोणतीस. दादा, चौतीस छातीचा माणूस माझा भाऊ नाही. एवढं अंग आपोआप उतरत नाही. डॉक्टर काय म्हणाले? दर आठवड्याला वहिनी दवाखान्यात जातात ते दातांसाठी नाही, एवढं मला समजतं.

आई गेली तेव्हाही तू मला शेवटपर्यंत 'बरी आहे, बरी आहे' असंच सांगत होतास. आता तसं करू नकोस. मी बॅग भरून ठेवली आहे. एका ओळीचं उत्तर पाठव, मी निघते.

बारकी


२१ जानेवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. माझी छाती जिथे होती तिथेच आहे. पोटही. रक्तदाब ठीक, साखर ठीक. बॅग रिकामी करावी.

मी कोणताही कोट मागवलेला नाही. या घरात कोट आल्याचे मला ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले. कपाटात धुलाईच्या कपड्यांमागे आहे.

दाताच्या डॉक्टरांकडे मी काल स्वतः जाऊन आलो. त्यांनी तुझ्या वहिनीला गेल्या वर्षभरात पाहिलेले नाही.

बाकी काही लिहिण्यासारखे नाही.

दादा


२२ जानेवारी

वन्सं,

कशाला लिहिलंत त्यांना? मी तुम्हाला लिहिलं होतं, त्यांना नव्हतं. 'कुणासाठी हे विचारायचं नाही,' वा! मोठ्या तोंडानं नियम सांगितलात आणि पाठोपाठ जाऊन त्यांनाच विचारून मोकळ्या झालात. तुमच्या साहेबांनी तुम्हाला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

आता झाकून काय उपयोग? कोट तुमच्या भाच्यासाठी आहे. तो वसतिगृहात नाही. मागच्या पावसाळ्यात त्यानं कॉलेज सोडलं. एका मोठ्या हॉटेलात लागलाय. आधी मागं, भांडी आणि चादरी. आता पुढच्या दालनात घेणार आहेत, आल्यागेल्याचं बघायला. तिथले कपडे सहा महिन्यांनी देतात, तोवर काळा कोट स्वतःचा लागतो. त्यानं 'नको' म्हटलं होतं. मीच म्हटलं, पहिला कोट माझ्याकडून. आधीचे दोन मी तो घरी असतानाच्या अंदाजानं मागवले. मग त्यानं स्वतः मोजून मापं दिली. चौतीस ही त्याची छाती आहे, वन्सं. सैल सदऱ्यात कळलंच नव्हतं, मलाही धक्काच बसला होता.

त्यानं नोकरीचं सांगितलं तेव्हा जेवणं चालू होती. हे ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. हात धुऊन आले आणि म्हणाले, 'या घरात लोकांपुढं वाकणारी एक होती, तेवढी पुरे होती.' त्यानं ताट बाजूला सरकवलं. म्हणाला, 'आत्याबद्दल बोलताय?' हे म्हणाले, 'ज्याला कळायचं त्याला कळलं.' तो त्या संध्याकाळीच गेला. तेव्हापासून त्याचं नाव इथं निघत नाही. आठवड्यातून एकदा मी दाताच्या डॉक्टरकडे जाते आणि तो मला त्याच्या खोलीत चहा करून देतो. एवढंच होतं माझं. तेही गेलं.

काल यांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. मग ते खिशात ठेवलं. मी सगळं सांगून टाकलं.

वहिनी


२५ जानेवारी

वहिनी,

चूक माझी. घाबरले होते, पण घाबरलं म्हणून चूक थोडीच कमी होते? मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. नाही, विचारायलाच नको होतं. मापं आली होती, ती मास्तरांकडे न्यायची, संपलं.

आणि दादाचं ते वाक्य. तुम्ही रागात लिहून गेलात, आता मनात चुटपुट लागली असेल. लागू देऊ नका. मला अंदाज होता. इतक्या वर्षांत दादा दुकानाच्या पायऱ्या एकदाही चढला नाही. मी विचारलं की म्हणायचा, 'मला काही घ्यायचं नाही.' पावसात एकदा मला न्यायला आला होता तर समोरच्या फुटपाथवर छत्री धरून उभा. मी काचेतून बघत होते. मला वाटायचं, गर्दी आवडत नसेल. असं आपण आपल्याला समजावतो.

वाकले मी, हे खरंच आहे. पाठीची उंची बघायला वाकावं लागतं, कोट काही आपण होऊन वर येत नाही. पण मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही, आणि ज्याच्यापुढं वाकले त्यालाही कधी वाटलं नाही की ही खाली आहे. तुम्ही माझ्या पायांबद्दल लिहिलंत ते बरोबर आहे. पाय दुखले. मान कधी दुखली नाही.

तरी परवापासून जेवण जात नाही. भाच्यानं माझ्यासाठी ताट सरकवलं, हे वाचल्यापासून. मला काय ठाऊक, तिकडं माझी बाजू घेणारा कुणी आहे!

कोट इकडं पाठवा. मास्तरांशी बोलले आहे. दादाला मी आता एक अक्षर लिहिणार नाही.

बारकी


४ फेब्रुवारी

वहिनी,

दादा काल इथं येऊन गेला. तुम्हाला काय सांगून निघाला ते मला त्यानंच सांगितलं : 'दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हटलं.' आणि अजिबात हसला नाही. तुम्ही हसलात का?

दुपारची वेळ. दार उघडलं तर हा उभा, काखेत पुडकं. मी काही म्हणायच्या आत म्हणाला, 'कोट दुरुस्तीला आणलाय.' मी म्हटलं, 'या.' अहो-जाहो तोंडातून आपोआप गेलं, सवयच ती. त्यालाही ते खटकलं नाही. आत येऊन खुर्चीत बसला. मी पाणी दिलं. कोट खिडकीपाशी टेबलावर पसरला, उजेडात.

'कधी हवा?'

'महिनाअखेर.'

'काय करायचं आहे?'

'लहान.'

कुणासाठी, मी विचारलं नाही. या वेळी नाही. त्यानं खिशातून माझंच पत्र काढलं, घड्या पडून मऊ झालेलं, आणि चष्मा लावून वाचायला लागला. 'छाती चौतीस.' तिथंच थांबला. मग विचारतो, 'बारके, चौतीस म्हणजे केवढी गं?'

मी टेप घेतली, चौतिसावर धरून तिचं कडं केलं आणि टेबलावर ठेवलं. तो बघत राहिला. मग दोन्ही हात पुढं केले आणि त्या कड्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले, आपण पोराला काखेत धरून उचलतो ना, तसे. 'एवढीच?' म्हणाला. मी म्हटलं, 'एवढीच.'

'घरातून गेला तेव्हा भरलेला होता.'

गिऱ्हाईक आरशाशी बोलत असेल तर मध्ये बोलायचं नसतं.

'जेवत नसेल.'

'उभं राहण्याचं काम असलं की सुरुवातीला माणूस वाळतो. मग भरतो.'

'तू वाळली होतीस?'

'पहिल्या वर्षी. आई माझ्या झंपरांना टिपा घालायची.'

'मला दिसलं नाही कधी,' म्हणाला. मी चहा ठेवला.

मास्तरांना बोलावलं. त्यांनी कोट उलटा करून अस्तर उसवलं, बाह्या काढल्या, कच्च्या टाक्यांवर उभा केला आणि सुई ठेवून दिली. 'याच्यापुढं माणूस पाहिजे,' म्हणाले. 'माप कागदावर आणि अंग दुसऱ्या गावात, मी काय सावली शिवू? घालून बघा, खांदा कुठं पडतो तिथं टाचण्या लावा, खडूनं खूण करा, मग आणा.' दादा म्हणाला, 'तुम्ही याल का? गाडीभाडं माझं.' मास्तर म्हणाले, 'माझ्यानं जिने होत नाहीत. तुम्हीच लावा. शिकवतो.' आणि वहिनी, पाणीखात्याचा हेडक्लार्क, ज्यानं आयुष्यात सदऱ्याचं बटण लावलं नाही, तो दोन तास माझ्या खांद्यावर कोट घालून टाचण्या लावत होता! तीनदा मला टोचल्या. मास्तर एवढंच म्हणायचे, 'आडवी. आडवी लावा. उभी लावली की माणसाला लागते.'

संध्याकाळच्या गाडीनं निघाला. दारात बूट घालता घालता, खाली बघूनच, विचारलं, 'तू दिवसभर उभीच असायचीस का गं?'

'हो.'

'बसायला काहीच नव्हतं?'

'गिऱ्हाईकाच्या माणसाला होतं.'

बुटाची नाडी त्यानं फार वेळ बांधली. ते जुनं वाक्य मी काढलं नाही, त्यानंही नाही. मी ठरवलंय, काढायचं नाही. पुडकं मीच बांधून दिलं.

तुम्ही त्याला काही विचारू नका.

बारकी


१३ फेब्रुवारी

वन्सं,

हसले हो. ते गेल्यावर दार लावून हसले, आणि मग रडले, दोन्ही.

कोट दाराच्या मागं खुंटीला आहे. रोज दुपारी हे तो काढून खुर्चीच्या पाठीवर चढवतात, टाचण्या लावतात, काढतात, पुन्हा लावतात. काल मला उभं केलं. मी म्हटलं, 'माझी छाती चौतीस नाही.' तर म्हणतात, 'छातीचं नाही, खांद्याचं बघतोय. गप्प उभी राहा.' जाणार कधी ते सांगत नाहीत. निम्मा महिना सरला. विचारावं तर बिनसेल, न विचारावं तर कोट खुंटीवरच राहील. तुमचं ऐकून जिभेला कुलूप घातलंय, पण किल्ली कुठं ठेवावी कळत नाही.

त्या वाक्याबद्दल मी माफी मागायची की त्यांनी? निदान लिहिल्याबद्दल माझी घ्या. तुमचे पाय मी बघितले होते आणि मीही कधी उठून पाणी तापवून दिलं नाही.

आज सकाळी त्यांनी दाढी केली, चांगला सदरा घातला, पुडकं घेतलं, दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, 'ढग आलेत.' आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

तुमची,
वहिनी


२४ फेब्रुवारी

आत्या,

आई म्हणाली, फोन करू नकोस, तिला ऐकू येत नाही, लिही. मला पत्र लिहायची सवय नाही, कसंही असलं तरी वाच.

रविवारी माझी सुट्टी होती. खोलीत कपडे वाळत घालत होतो. दार वाजलं. मला वाटलं घरमालक. उघडलं तर बाबा. जिना चढून दम लागलेला, हातात पुडकं. ते म्हणाले, 'कोट घालून बघायचाय. मास्तरांनी सांगितलंय.' कोण मास्तर, कसले मास्तर, मला काही पत्ता नाही. मी शर्टाला हात पुसून उभा राहिलो.

आत्या, माझ्या खोलीत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्यानं पलंगावर बसावं लागतं, एवढी ती आहे. बाबा पलंगावर गुडघे टेकून माझ्या खांद्याला टाचण्या लावत होते. टाचण्या त्यांनी तोंडात धरल्या होत्या. त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, आणि मी हललो असतो तर टोचल्या असत्या, त्यामुळे मीही गप्प. आमची भांडणं आठवली मला. असंच काहीतरी पाहिजे होतं दोघांच्याही तोंडात, असं वाटलं. मध्येच ते 'अंऽ' करायचे, म्हणजे वळ. मी वळायचो. बाहीची उंची बघायला ते पलंगावरून उतरून खाली बसले, पार जमिनीवर. मी म्हटलं, 'बाबा, राहू दे, मी वाकतो.' त्यांनी मान हलवली. खडूनं खूण केली आणि माझं मनगट धरून बराच वेळ बघत बसले. काय बघत होते कोण जाणे. मग टाचण्या संपल्या.

म्हणाले, 'जेवतोस का?' मी म्हटलं, हॉटेलात दोन वेळचं मिळतं. 'काय मिळतं?' मी सगळं सांगितलं, अगदी डाळीपर्यंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नोकरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्या दिवसाबद्दलही नाही. मीही काढलं नाही. मी चहा केला. त्यांनी कप स्वतः विसळून ठेवला. घरी कधी विसळताना बघितलंय का तू?

टाचण्यांसकट काळा कोट मास्तरांसाठी पुन्हा पुडक्यात बांधला आणि निघायला उठले. त्यांचा गरम कोट खुंटीला होता. मी तो काढला आणि मागं जाऊन धरून उभा राहिलो. मुद्दाम नाही गं. तीन आठवडे तेच शिकवतायत आम्हाला. पाहुणा निघाला की कोट मागून धरायचा, किंचित खाली, म्हणजे त्याला हात शोधावे लागत नाहीत. हातानं आपोआप केलं. बाबांना आधी कळलंच नाही मी काय करतोय. कोट घ्यायला हात पुढं केला त्यांनी. मी म्हटलं, 'नाही बाबा, वळा. हात मागं करा.'

ते वळले. एक हात गेला, दुसरा गेला. मी खांद्यावर कोट सारखा केला, कॉलर खाली केली. काम झालं होतं. पण ते वळलेच नाहीत. पाठ माझ्याकडं, तोंड दाराकडं, तसेच उभे. मला वाटलं दम लागला असेल.

मग तसंच पाठमोरं विचारलं, 'हे रोज करतोस?'

'हो.'

'कुणासाठी?'

'जो येईल त्याच्यासाठी.'

मग म्हणाले, 'माझ्यासाठी कधी कुणी धरला नव्हता.' मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, केसबिस असले तर झटकतात ना, तसा. कोट स्वच्छच होता.

दार उघडून दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. म्हणाले, 'कुठल्या रस्त्यावर आहे म्हणालास हॉटेल?' मी सांगितलं. 'चहा मिळतो का तिथं बाहेरच्या माणसाला?' मी म्हटलं, 'मिळतो. पण महाग आहे.' तर म्हणाले, 'असू दे. पहिल्या दिवशी येतो. आईला घेऊन. आत येतो.'

तुझा,
भाचा